पुसलेले रक्त

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, सुनेने चहा आणून ठेवला आणि बाहेर सर कोसळत असल्यामुळे आम्हीही निवांत बसलो. हे काका तरुणपणी गाव सोडून शहरात गेले आणि आयुष्याची तीसएक वर्षे त्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दारी केली. बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "फादर, हे पापनिवेदन नव्हे. चहाबरोबरची गोष्ट आहे. कुणालाही सांगितलीत तरी चालेल. पण उत्तर हवंय."

गोष्ट अशी. त्यांच्या हाताखाली एक चार वर्षांचा घोडा होता. एका सकाळी धाव घेऊन तो तबेल्यात परतला, पाण्यासाठी त्याने मान खाली घातली आणि डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार आली. घोड्याच्या नाकातून असे रक्त आल्याची नोंद झाली की त्याला काही काळ शर्यतीत उतरू देत नाहीत. तबेल्याच्या कारभाऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि काकांना एवढेच म्हटले, "पूस, आणि गप्प राहा." काकांनी ओल्या फडक्याने नाकपुडी पुसली. तीन आठवड्यांनी तो घोडा धावला, तिसरा आला आणि रेषा ओलांडून शंभरेक पावले गेल्यावर गुडघ्यांवर बसला तो उठलाच नाही. लोकांचे डोळे जिंकलेल्या घोड्याकडे होते. कुणी म्हणाले हार्ट, कुणी म्हणाले नशीब.

"ते रक्त मी पुसलं. मग तो माझ्या हातानं मेला का, फादर?"

आम्ही जे उत्तर दिले ते इथे लिहिताना आम्हांस संकोच होतो. आम्ही म्हणालो, "काका, तुम्ही हुकमाचे ताबेदार. आणि मुक्या जनावराला माणसासारखा अमर आत्मा नसतो. मनाला लावून घेऊ नका." काकांनी मान डोलावली. धर्मगुरूसमोर वडीलधारी माणसे आदराने डोलावतात तशी. पाऊस ओसरला आणि आम्ही निघालो. पण चर्चच्या फाटकापर्यंत येईतो आमच्या ध्यानी आले की आम्ही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते; त्यांना फक्त गप्प केले होते, जसे एकदा त्या कारभाऱ्याने केले होते.

म्हणून आम्ही या विषयाचे वाचन आरंभिले. आरंभी वाटले होते की नाकातून रक्त येणे हा एखाद्या दुबळ्या घोड्याचा आजार असेल. वस्तुस्थिती निराळीच निघाली.

शर्यतीचा घोडा पूर्ण वेगात असतो तेव्हा त्याच्या शरीरात काय चालते ते वाचून माणूस थक्क होतो. विसाव्याच्या वेळी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे त्याचे हृदय सव्वादोनशेच्या घरात जाते. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात व रक्त दाट होते. ते हृदय मिनिटाला सुमारे अडीचशे लिटर रक्त फुप्फुसांतून फिरवते. परमेश्वराने फुप्फुसातील केशवाहिन्यांचे पडदे अतिशय पातळ केले आहेत, कारण प्राणवायूला त्यांतून रक्तात शिरायचे असते. आता त्या पातळ पडद्याच्या एका बाजूस श्वासाची ओढ आणि दुसऱ्या बाजूस रक्ताचा दाब. माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीत हा दाब पाऱ्याच्या वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत जातो. धावणाऱ्या घोड्यात तो शंभराच्याही वर चढतो. पडदा फाटतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फाटलेल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवल्या. हे रक्त बहुधा फुप्फुसाच्या मागच्या, वरच्या भागात झिरपते. वारंवार झिरपले की तिथे व्रण राहतात.

काकांच्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे ती गोष्ट पुढेच आहे. शतकानुशतके ज्याच्या नाकातून रक्त दिसले त्यालाच लोक 'रक्त येणारा घोडा' म्हणत, आणि असे घोडे थोडेच असत. पुढे लवचीक दुर्बिणी आल्या व शर्यतीनंतर त्या घोड्याच्या श्वासनलिकेत घालून पाहण्याची सोय झाली. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्त आढळले. तोच घोडा दोन-तीन शर्यतींनंतर पुनःपुन्हा तपासला तर बहुतेक प्रत्येकात केव्हा ना केव्हा रक्त दिसतेच, असे पुढच्या अभ्यासकांनी नोंदवले. म्हणजे नाकपुडीपर्यंत येते ते अपवादात्मक. आतल्या आत झिरपते ते नित्याचे. काकांनी जे पुसले ते फक्त बाहेर आलेले होते.

हे काही कालपरवा सुरू झालेले नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी बार्टलेट्स चिल्डर्स नावाचा एक घोडा होता. त्याच्या नाकातून सतत रक्त येई, म्हणून लोक त्याला 'ब्लीडिंग चिल्डर्स', म्हणजे 'रक्तस्रावी चिल्डर्स', म्हणत. त्याचा सख्खा भाऊ फ्लाइंग चिल्डर्स हा त्या काळातला सर्वांत वेगवान घोडा गणला जाई. साहजिकच या रक्तस्रावी भावालाही प्रजननासाठी मागणी आली. त्याचा पणतू म्हणजे १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला, एकही शर्यत न हरलेला एक्लिप्स. आज जगभर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपैकी बहुसंख्यांची पितृपरंपरा या एक्लिप्समधून, अर्थात त्या रक्तस्रावी पणजोबातून, आलेली आहे. हेरॉड नावाच्या दुसऱ्या मूळपुरुषाची रक्तवाहिनी १७६६ साली यॉर्कच्या शर्यतीत फुटली होती. त्याचीही संतती पुढे वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिली.

आणि हर्मिटची कथा तर कादंबरीत शोभावी अशी. हेन्री चॅप्लिन या इंग्रज जमीनदाराचा हा घोडा १८६७च्या डर्बीपूर्वी काही दिवस सरावात रक्त ओकला. घोडा संपला असे सगळ्यांनी धरले. चॅप्लिनची वाग्दत्त वधू तीन वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर पळून गेली होती त्या मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज या तरुण सरदाराने हर्मिट हरणार म्हणून प्रचंड पैसा लावला. डर्बीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हर्मिट जिंकला. हेस्टिंग्जने एक लाख पौंडांहून अधिक रक्कम गमावली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो मरण पावला. इंग्रजी लेखक ही कथा जुगाराच्या दुष्परिणामांचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: रक्त ओकलेल्या घोड्याला थांबवावे की धाववावे हा प्रश्न त्या दिवशी होता, आणि धाववणे फळले. म्हणून हर्मिट १८८० पासून सलग सात वर्षे इंग्लंडमधला अग्रगण्य जनक घोडा ठरला. नाकातून रक्त येण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असते हे आता दिसून आले आहे. त्या काळी ते ठाऊक नव्हते हे मान्य; पण वेग तेवढा हवा आणि रक्ताकडे काणाडोळा, ही निवड करणारी माणसेच होती.

आता मृत्यूकडे वळू. इथे थोडी सावधगिरी हवी. आतल्या आत रक्त झिरपलेले बहुतेक घोडे मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दाणा खातात आणि महिन्याने पुन्हा धावतात. शर्यतीच्या मैदानावरचे बहुसंख्य मृत्यू हाडे मोडल्यामुळे होतात. परंतु काही घोडे, कसलीही मोडतोड न होता, धावता धावता किंवा धाव संपल्यावर काही मिनिटांत कोसळतात. १९८४ साली स्वेल नावाच्या तीन वर्षांच्या घोड्याने अमेरिकेतील केंटकी डर्बी व बेलमाँट या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. बेलमाँटनंतर आठ दिवसांनी, १७ जूनच्या रविवारी, सकाळची धाव घेऊन आल्यावर त्याला अंघोळ घालत असताना तो कोसळला आणि गतप्राण झाला. शवविच्छेदनात निश्चित कारण सापडले नाही. २०२१ साली केंटकी डर्बीत पहिला आलेला (आणि पुढे औषधाच्या कारणावरून अपात्र ठरलेला) मेडिना स्पिरिट त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात सरावानंतर मेला. त्याची फुप्फुसे सुजलेली होती, श्वासनलिकेत फेस होता, तरीही कारण अनिर्णीतच राहिले. २०११ ते २०१३ या काळात कॅलिफोर्नियातल्याच एका प्रशिक्षकाच्या तबेल्यातील सात घोडे असेच अचानक गेले. चौकशी झाली. घोड्यांना थायरॉइडचे औषध दिले जात असल्याचे पुढे आले. नियमभंग मात्र आढळला नाही.

वेगवेगळ्या देशांतील अशा २६८ मृत्यूंचा एकत्रित अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मृत्यूंचे कारण निश्चित सांगता आले. सुमारे एक चतुर्थांशांविषयी तर्क करता आला. उरलेल्यांचे, म्हणजे शेकडा बावीस मृत्यूंचे, कारणच कळले नाही. हृदय बंद पडणे, फुप्फुसात रक्तस्राव होणे, मोठी रक्तवाहिनी फुटणे ही सापडलेली कारणे. फुप्फुसात सापडलेले रक्त मृत्यूचे कारण की शेवटच्या झटापटीचा परिणाम, यावरही तज्ज्ञांत वाद आहे.

तेव्हा काकांच्या घोड्याचे काय झाले हे काकांना कळणे शक्य नाही, आणि आम्हांलाही नाही. पुसलेल्या रक्ताचा आणि तीन आठवड्यांनंतरच्या मृत्यूचा संबंध असेल किंवा नसेल. नीतिशास्त्रात आम्ही शिकलो होतो की कृत्याचे मोल केवळ परिणामावरून ठरत नाही. कर्त्याला त्या क्षणी काय ठाऊक होते आणि त्याने काय इच्छिले हेही पाहावे लागते. त्या सकाळी काकांना आणि कारभाऱ्याला एक गोष्ट ठाऊक होती. घोड्याच्या शरीराने एक निरोप धाडला होता, आणि तो कुणी वाचू नये अशी कारभाऱ्याची इच्छा होती.

असाच निरोप औषधानेही मिटवता येतो. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या डबीत लॅसिक्स हे नाव वाचकांनी पाहिले असेल. हृदय थकले, पायांना सूज आली की डॉक्टर ते देतात, आणि त्याने लघवीवाटे पाणी निघून जाते. हेच औषध अमेरिकेत १९७०च्या दशकापासून शर्यतीच्या घोड्यांना धावण्यापूर्वी सुमारे चार तास टोचले जाऊ लागले. ते निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. २००७ साली दक्षिण आफ्रिकेत १६७ घोड्यांना एकदा ते देऊन व एकदा नुसते मिठाचे पाणी टोचून धाववले, तेव्हा औषधाने रक्तस्राव खरोखरच कमी होतो असे सिद्ध झाले. समर्थक विचारतात, रक्त कमी येत असेल तर औषध नाकारणे हीच क्रूरता नव्हे काय? युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु आपल्या घरातील आजोबांना लॅसिक्स देऊन डॉक्टर 'आता डोंगर चढा' असे सांगत नाही. विश्रांती घ्या असे सांगतो. इथे औषध दिले जाते ते रुग्णाला त्याच दिवशी, ज्या श्रमाने तो आजारी पडतो तेच श्रम करता यावेत म्हणून. युरोपात आणि इतर बहुतेक देशांत शर्यतीच्या दिवशी हे औषध चालत नाही. ऑस्ट्रेलियात दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलेल्या घोड्याला तीन महिने बंदी होते आणि दुसऱ्यांदा आले की कायमची. अमेरिकेतही २०२० साली झालेल्या कायद्यानंतर दोन वर्षांची शिंगरे आणि मोठ्या शर्यती यांतून ते हटवण्यात आले. तरीही २०२३च्या केंटकी डर्बीच्या सुमारास चर्चिल डाउन्स मैदानावर काही आठवड्यांत बारा घोडे गेले, त्यांतले दोन धावल्यावर अचानक कोसळून, आणि शेवटी उर्वरित शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

घोड्याला धावणे आवडते, असे एक उत्तर नेहमी मिळते. ते खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. सेमिनरीत असताना पुण्याच्या रेसकोर्सजवळून सायकलने जाताना, पावसाळी सकाळी, धुक्यातून येणारे घोडे आम्ही पाहिलेले आहेत. टापांचा आवाज आधी ऐकू यायचा, मग घोडा दिसायचा. ईयोबाच्या पुस्तकात स्वतः परमेश्वर घोड्याच्या मानेचे व फुरफुरण्याचे कौतुक करतो, ते का, हे त्या सकाळी समजले. घोडा कळपाबरोबर धावतो आणि मागे राहायला भितो. पण किती धावायचे, दोन वर्षांचा असतानाच धावायचे की नाही, पाठीवर किती भार घ्यायचा आणि छातीत कळ आल्यावर थांबायचे की चाबूक खायचा, हे तो ठरवत नाही.

जुन्या करारात बलामच्या गाढवीची गोष्ट आहे. वाटेत उभा असलेला देवदूत गाढवीला दिसतो, बलामला दिसत नाही. ती थांबते, भिंतीला खेटते, खाली बसते, आणि बलाम तिला तीनदा बडवतो. मग परमेश्वर तिला वाचा देतो आणि ती धन्याला जाब विचारते. आम्ही ही गोष्ट लहान मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात हसत हसत सांगत आलो. तिच्यातल्या एका तपशिलाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते: देवदूत बलामला सांगतो की ती वळली नसती तर त्याने बलामला ठार केले असते आणि तिला जिवंत सोडले असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांवरील क्रौर्याचा निषेध केला तो मुख्यतः अशासाठी, की त्याने माणूस माणसांशीही क्रूर होतो. सेमिनरीत आम्ही एवढेच शिकलो, आणि त्याच पाठाच्या आधारे काकांना घाईचे उत्तर दिले. परंतु १९९२ साली निघालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ याहून पुढे जातो. प्राणी आपल्या अस्तित्वानेच परमेश्वराचा गौरव करतात, म्हणून माणसाकडे त्यांच्या दयेचे ऋण आहे, असे तो शिकवतो. अन्नवस्त्रासाठी, औषधासाठी प्राण्यांचा उपयोग तो वैध ठरवतो, पण त्यांना विनाकारण पीडा देणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असेही सांगतो. सगळे घोडे अडते ते 'विनाकारण' या शब्दापाशी.

आमच्यापुरता तो शब्द एका वेगळ्या तबेल्याने स्पष्ट केला. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे डसले की आपल्याकडे जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला विषाच्या लहान लहान, वाढत्या मात्रा देतात, त्याचे रक्त काढतात आणि त्यातून प्रतिविष वेगळे करतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात घराघरांत माहीत झाले ते यासारख्या कामामुळे. आमच्याच धर्मग्रामातील एक माऊली भाताच्या शेतात घोणस डसूनही वाचली, आणि तिच्या दोन मुलांची प्रथम कम्युनियन आम्ही साजरी केली. त्या घोड्यालाही वेदना होतातच. त्याचीही निगा नीट राखली जाते की नाही हे विचारले पाहिजे. तथापि त्या रक्तासाठी कुणाला तरी आपण कारण सांगू शकतो. मैदानावर झिरपलेल्या रक्तासाठी कोणते कारण सांगणार? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. कायद्याचा तो प्रश्न सुटला. कौशल्य खरेच असेल, तर घोड्याच्या छातीत काय चालले आहे हे ओळखणेही त्या कौशल्यात मोडायला हवे.

इथे आम्हांला आमच्याच व्यासपीठाविषयी बोलले पाहिजे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून आहे, आणि पगाराच्या शनिवारी तिथे रिते झालेले खिसे आमच्या कुटुंबांनी पाहिले आहेत. त्यावर आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी प्रवचने दिली, आम्हीही दिली. उपाशी मुले, गहाण पडलेले दागिने, रडणारी पत्नी, सारे आमच्या प्रवचनांत आले. घोडा कधीच आला नाही. तिकीट घेणाऱ्याला आम्ही विचारले, घरच्यांचे काय? ज्याच्या पायांवर तू पैसे लावतोस त्याचे काय, असे विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

शर्यतीची नव्हे, पण त्याच सोयरिकीतली एक घटना मनात राहिली आहे. २०११च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतील व्हेरोना येथे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत हिकस्टेड हा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला घोडा आपली फेरी संपवून प्रेक्षकांसमोरच कोसळला. त्याची महारोहिणी फुटली होती. उरलेल्या स्वारांनी पुढे खेळण्यास नकार दिला, सारे स्तब्ध उभे राहिले आणि ती स्पर्धा तिथेच थांबली. त्यांनी घोडेस्वारी सोडली नाही. पण त्या दिवसापुरते ते थांबले. काकांचा घोडा पडला तेव्हा पुढची शर्यत अर्ध्या तासाने वेळेवर सुटली होती.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. आधीचे उत्तर चुकीचे होते हे प्रथम सांगितले. मग आम्ही म्हणालो, "काका, घोडा तुमच्या हाताने मेला की नाही ते परमेश्वर जाणे. पण रक्त पुसणे चूक होते, ती तुम्हांला तेव्हाही चूक वाटली होती, आणि म्हणूनच इतकी वर्षे ती तुमच्याजवळ राहिली. तुमच्या वाट्याची चूक फडक्याएवढी आहे. बाकीची पुष्कळांची आहे." आम्ही एक्लिप्सच्या पणजोबाविषयी, दुर्बिणीविषयी, अमेरिकेतल्या त्या औषधाविषयीही सांगितले. हे सारे त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, मध्येच एकदा "असं होय" म्हणाले. नंतर चहाची बशी बाजूला सारून त्यांनी विचारले,

"आणि त्या बाकीच्यांना कुणी सांगितलं, फादर?"